दप्तरवाटपाचे पुण्य

जून उजाडला की वर्धा जिल्ह्यात दोन प्रकारची लगबग सुरू होते. शिवारात पेरणीची आणि शहरात दप्तरवाटपाची. यंदा एका शाळेत ही दुसरी लगबग प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिली. मुले रांगेने बसली होती. वह्या, पाटी, कंपासपेटी, पाण्याची बाटली अशा एकेक वस्तू दप्तरात घालून दप्तर पुढे सरकवायचे, असे काम. खोडरबर राहून गेलेले एक दप्तर एका मुलीने हट्टाने परत उघडायला लावले. नंतर तिने बाईंना विचारले, "त्यांची शाळा त्यांना वह्या का देत नाही?" उत्तर मिळाले, "ती मुलं गरीब आहेत. तू मोज."

चार दिवसांनी आर्वी तालुक्यातील एका गावी समारंभ झाला. ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारली गेली, तीही 'आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याचा मुलगा' या बिरुदासह. सात-आठ वर्षांच्या एका पोराला तेच दप्तर दोनदा स्वीकारावे लागले, कारण पहिल्या खेपेस पाहुण्यांचे तोंड कॅमेऱ्याकडे नव्हते.

गरज खोटी आहे, असे आमचे म्हणणे नाही. बियाणे, खत आणि शाळा यांचे खर्च एकाच महिन्यात अंगावर येतात. कापसाचा पैसा दिवाळीनंतर. अशा घरी आलेली वही परत पाठवा, असे कोणता शहाणा म्हणेल? दप्तर भरणाऱ्या मुलांच्या मनातील कळवळाही अस्सल असतो. आमचा आक्षेप आहे तो त्या कळवळ्याला जिथे थांबवले जाते, त्या जागेला.

शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्या वर्षी केंद्राने राज्यांसाठी आखून दिलेल्या आदर्श नियमावलीत पाठ्यपुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेश या तिन्ही गोष्टी मोफत मिळण्याचा मुलाचा हक्क स्पष्ट शब्दांत नोंदलेला आहे. म्हणजे समारंभात दान म्हणून दिली गेलेली वही मुळात सरकारचे देणे होते! देणेकऱ्याने हात वर करावेत, दात्याने पुण्य पदरी पाडून घ्यावे आणि ज्याचे येणे आहे त्याने नमस्कार करावा, असा हा व्यवहार. शासनाला तो फारच सोयीचा वाटत असावा. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने 'दत्तक शाळा' योजना काढली आणि देणगीदाराने सुचविलेले नाव सरकारी शाळेला जोडण्याची मुभाही दिली. गरीब घरच्या मुलींसाठी १९९२ साली सुरू झालेला दिवसाला एक रुपयाचा उपस्थिती भत्ता तीन दशके उलटली तरी एक रुपयाच राहिला. त्याची लाज मात्र कोणत्या समारंभात पुकारली गेली नाही.

हे वर्ध्यात घडावे, याचा खेद अधिक. ऑक्टोबर १९३७ मध्ये याच गावी शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नयी तालीमचा आराखडा तयार केला. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च भागावा या कल्पनेला प्रा. के. टी. शहा यांनी परिषदेतच विरोध केला होता, आणि आम्हांलाही तो विरोध रास्त वाटतो. परंतु हाताने काम करता करता त्या कामामागचे 'का' शिकायचे, हे त्या योजनेचे मर्म होते. सूत कातणाऱ्या मुलाने कापसाचा भाव, विणकराची मजुरी आणि गिरणीचा नफा हे सारे समजून घ्यावे, अशी अपेक्षा होती. दप्तर भरणाऱ्या मुलांचे हात तेवढे चालवले जातात, 'का' मात्र दाबला जातो. विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांनी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. ते का जाहीर करावे लागले, हे याच जिल्ह्यातील मुलांना दप्तर भरताना कोणी सांगितले काय?

दप्तरे जरूर भरावीत. मात्र ती गुपचूप शाळेच्या कपाटात पोचवावीत. नावे पुकारू नयेत, पाहुणे नकोत, छायाचित्र तर नकोच. गावातील मुलांना शहरातील शाळेत बोलवावे, शहरातील मुलांना निंदणाच्या दिवसांत शिवारात न्यावे. आणि कोणत्या शाळेत किती वह्या यायला हव्या होत्या व किती आल्या, याची यादी दोन्हीकडच्या मुलांनी मिळून करावी. ती यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांना त्यांच्याच सहीच्या पत्राने जाऊ द्या. पत्राचा मसुदा त्या खोडरबरवाल्या मुलीने करावा. तिचा प्रश्न अजून उत्तराविना पडला आहे, आणि तो बाईंना विचारायचा नव्हताच.