काका, फोन तुमचा बिघडलेला नाही!

पोस्ट जरा मोठी आहे. पण ज्याच्या घरात सातबारा आहे त्यानं शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

मी घाटाखाली एक छोटं ऑनलाईन सेवा केंद्र चालवतो. अतिवृष्टीच्या अनुदानाच्या याद्या निघाल्या की सकाळी आठपासून दुकानासमोर माणसं उभी असतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. यादीत प्रत्येक शेतकऱ्याच्या नावापुढं एक विशिष्ट क्रमांक असतो. आपल्याकडं सगळे त्याला व्हीके नंबर म्हणतात. तो नंबर घेऊन केंद्रावर यायचं, अंगठा लावून केवायसी करायची, मग पैसे खात्यात. नंबर नाही तर केवायसी नाही. केवायसी राहिली की पैसेही अडायचे.

अशाच एका यादीच्या वेळी एक काका आले. सत्तरीच्या घरातले. गावाच्या ग्रुपवर त्यांना लिंक आली होती. लिंक दाबली की पान उघडायचं, वर मथळा दिसायचा, खाली गावाचं नाव दिसायचं. आणि जिथं यादी पाहिजे तिथं फाटक्या कागदासारखं एक बारकं चिन्ह!

"भाऊ, मायावाल्या फोनात हे यादी काहून दिसून नाही राह्यली? पोट्टा म्हणते फोन जुना झाला, नवा घ्या."

तीन दिवस हेच चालू होतं. कोणी म्हणालं नेट संपलं असेल, म्हणून त्यांनी रिचार्ज मारला. कोणी म्हणालं मेमरी भरली, म्हणून नातवाचे फोटो उडवले. मी लिंक माझ्या संगणकावर उघडली. यादी नाही. माझ्या फोनवर, दुसऱ्या कंपनीच्या सिमवर उघडली. तरी नाही. मग त्या फोटोचा मूळ पत्ता वेगळा काढून उघडला, तेव्हा खरं काय ते कळलं. ज्यानं तो फोटो क्लाऊडवर ठेवला होता, त्याच्याशिवाय जगात दुसऱ्या कोणालाही तो पाहायची परवानगीच नव्हती.

फोन करून सांगितलं तर उत्तर आलं, "आमच्याकडं तर दिसतंय. तुमच्याकडं नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल."

तुमच्याकडं दिसणारच ना साहेब! कुलूप तुमचं, किल्लीही तुमच्याच खिशात.

कोणतं कार्यालय, कोणाची लिंक, हे मी इथं लिहीत नाही. कारण प्रश्न एका माणसाचा नाही. निवड याद्या, परीक्षेच्या सूचना, पाणीपुरवठ्याच्या नोटिसा, सगळीकडं हेच चाललंय. कागदाचा फोटो काढायचा, कुठल्या तरी क्लाऊडवर टाकायचा, लिंक ग्रुपवर सोडायची आणि म्हणायचं, "प्रसिद्ध केलं." माझं म्हणणं सरळ आहे: जी यादी साध्या मोबाईलवर उघडत नाही, ती यादी प्रसिद्ध झालेलीच नाही.

आता हे होतं कसं ते समजून घ्या, म्हणजे उद्या तुम्हाला कोणी "तुमचा फोन जुना आहे" म्हणून वाटेला लावणार नाही.

क्लाऊड म्हणजे ढग-बिग काही नाही. दुसऱ्याचा भाड्यानं घेतलेला संगणक, एवढंच. आपण पान उघडतो तेव्हा त्या पानात फोटो नसतो, फोटोचा फक्त पत्ता असतो. पान आल्यावर फोन त्या पत्त्यावर वेगळा जातो आणि फोटो मागतो. म्हणून पान दिसतं, पण फोटो दिसत नाही. लग्नपत्रिका हातात आली, पण मंगल कार्यालयाला कुलूप, अशी गत.

कुलूप लागायची कारणं ही:

१) परवानगी. काकांच्या बाबतीत झालं तेच. फाइल 'रिस्ट्रिक्टेड' ठेवली. टाकणारा स्वतः त्याच खात्यात लॉगिन असतो, म्हणून त्याला दिसते आणि त्याला वाटतं सगळ्यांना दिसते.

२) पत्ता फोटोचा नसतोच. गुगल ड्राइव्हची शेअर लिंक फोटो दाखवणारं पान उघडते, ती थेट फोटोची लिंक नव्हे. ड्राइव्हवरून वेबसाइट चालवायची सोय गुगलनं ३१ ऑगस्ट २०१६ लाच बंद केली. त्यानंतरही लोक पत्त्यात फेरफार करून काम भागवत होते. २०२४ च्या सुरुवातीला ती पळवाटही बंद पडली आणि बऱ्याच साइटवरचे फोटो एका झटक्यात गायब झाले. पान बनवणाऱ्यानं परत वळून पाहिलंच नाही.

३) मुदतीचा पत्ता. काही क्लाऊडवर फोटोची सही केलेली लिंक मिळते आणि ती ठरलेल्या वेळानं मरते. ॲमेझॉनच्या साठवणुकीत अशी लिंक जास्तीत जास्त ७ दिवस चालते. सोमवारी टाकलेली यादी पुढच्या मंगळवारी दिसत नाही. आणि आपला माणूस गावातून तालुक्याला येतो बाजाराच्या दिवशी.

४) फोटोचा प्रकार. आयफोन २०१७ पासून फोटो 'एचईआयसी' प्रकारात ठेवतो. स्कॅनर बऱ्याचदा 'टिफ' काढतो. आयफोनच्या सफारीत हे उघडतात, अँड्रॉइडच्या क्रोममध्ये उघडत नाहीत. म्हणजे साहेबांच्या फोनवर यादी स्वच्छ, शेतकऱ्याच्या फोनवर कोरी!

५) जुनी लिंक. पान 'एचटीटीपीएस'चं आणि फोटोची लिंक जुन्या 'एचटीटीपी'ची. २०२० पासून क्रोम असा फोटो आधी सुरक्षित मार्गानं मागून पाहतो. तिथं मिळाला नाही तर दाखवतच नाही.

६) नावातली गफलत. फाइलचं नाव शेवटी मोठ्या अक्षरांत 'जेपीजी' आणि पानात लिहिलं छोट्या अक्षरांत. ऑफिसातल्या विंडोजला दोन्ही सारखंच, पण बऱ्याच सर्व्हरना ही दोन वेगळी नावं वाटतात.

७) वजन. एकेक फोटो ८ एमबीचा, यादीची पानं १२. झाले ९६ एमबी. गावात नेट २ एमबीपीएसनं चाललं तर सहा मिनिटांच्या वर लागतात, तेही मध्ये तुटलं नाही तर. तीच यादी साध्या अक्षरांत टाईप केली तर काही केबीत मावते.

आता मोजा. या सातांत शेतकऱ्याच्या फोनचा दोष किती ठिकाणी आहे? एकाही ठिकाणी नाही.

खरं बोलायचं तर कधी कधी दोष आपल्याकडंही असतो. ओपेरा मिनीसारख्या ब्राउझरात डेटा वाचवायला फोटो बंद ठेवलेले असतात. फोनची तारीख चुकलेली असली तरी सुरक्षित पानं अडतात. हे आधी तपासा. पण दोन फोन, दोन कंपन्यांची सिम, बाकी साइटवरचे फोटो धडाधड उघडतात आणि हाच एक उघडत नाही, तर दोष तिकडचा आहे. पक्कं समजा.

"अहो, ग्रामीण भागात नेटवर्कच नाही, आम्ही काय करणार?" हे उत्तर तर आपल्याला पाठ झालंय. मग मला सांगा, जून २०२० मध्ये आपलं लोणारचं सरोवर गुलाबी झालं तेव्हा काय झालं? तेच फोटो जगभर गेले, आणि आपल्या गावागावातल्या साध्या फोनवरही उघडले. म्हणजे बुलढाण्याचा फोटो जगाला दाखवता येतो, पण गावाची यादी गावाला दाखवता येत नाही?

दुसरी बाजू बघा. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. त्यात शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, तोही अक्षांश-रेखांशासकट, आणि मुदतीत अपलोड करायचा. पीक विम्यात नुकसान झालं तर ७२ तासांत कळवावं लागायचं. आमचा फोटो गेला नाही तर "तुम्ही नोंद केली नाही." त्यांचा फोटो उघडला नाही तर "तुमचं नेटवर्क नाही." दोन्हीकडून मार आमच्याच पाठीवर! आमच्या फोटोला मुदत आहे, अट आहे, शिक्षा आहे. त्यांच्या फोटोला साधी तपासणीही नाही?

कायदा काय म्हणतो तेही ऐका. माहिती अधिकार अधिनियम २००५, कलम ४. सार्वजनिक कार्यालयानं माहिती स्वतःहून जाहीर करायची, आणि ती लोकांना सहज मिळेल अशा रूपात, स्थानिक भाषा आणि त्या भागात चालणारं सर्वांत परिणामकारक साधन लक्षात घेऊन. आपल्या भागात ते साधन कोणतं? सात-आठ हजारांचा अँड्रॉइड फोन आणि ग्रामपंचायतीचा फलक. मग तपासणी त्याच फोनवर नको का?

कोणी म्हणेल, मग सगळ्या फाइल सगळ्यांना खुल्या करून टाका. नाही! तो दुसरा मूर्खपणा. आधार नंबर आणि बँक खात्यासकट याद्या उघड्या लिंकवर फिरताना मी पाहिल्यात. फसवणूक करणाऱ्याला आयतं ताट. यादीत नाव, गाव, गट नंबर आणि व्हीके नंबर एवढंच पाहिजे. बाकीचं झाकायचं.

मागणी फार मोठी नाही. एक, यादी फोटोत नको, अक्षरांत द्या, म्हणजे नाव टाकून शोधता येईल आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याचा फोनही ती वाचून दाखवेल. दोन, लिंक सोडायच्या आधी साध्या अँड्रॉइडवर, मोबाईलच्या नेटवर, इन्कॉग्निटो खिडकीत एकदा उघडून पाहा. एक मिनिटाचं काम आहे. इन्कॉग्निटोत टाकणाऱ्याचं लॉगिन चालत नाही, त्यामुळं परवानगीची चूक तिथंच उघडी पडते. तीन, कागदावरची यादी ग्रामपंचायतीत लावाच. क्लाऊड आला म्हणून फलक काढायचं कारण नाही.

आणि आपण काय करायचं? फोटो दिसला नाही तर त्या फाटक्या चिन्हावर बोट दाबून धरा, फोटो नव्या टॅबमध्ये उघडायचा पर्याय आला तर तो घ्या. ४०३ आलं किंवा ॲक्सेस मागितला तर परवानगी नाही. ४०४ आलं तर पत्ता चुकला. फाइल डाउनलोड होते पण उघडत नाही, तर बहुतेक प्रकार चुकीचा. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि लेखी अर्जाला जोडून पोच घ्या. तरी हाललं नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकार: "ही यादी कोणत्या तारखेला, कोणत्या स्वरूपात प्रसिद्ध केली आणि मोबाईलवर उघडते का हे कोणी तपासलं?" तोंडी भांडू नका. तोंडी भांडणाचा आवाज फाइलीत जात नाही.

काकांचं काय झालं? दुसऱ्या दिवशी कोणीतरी तिकडं एक बटण दाबलं आणि यादी दिसली. नंबर मिळाला, केवायसी झाली. तीन दिवस, दोन फेऱ्यांचं भाडं आणि एक रिचार्ज गेला, तो कोण भरून देणार? नातवाचे उडवलेले फोटो तर परत आलेच नाहीत.

पटलं तर गावच्या ग्रुपवर पाठवा. फक्त स्क्रीनशॉट काढून नका पाठवू, मजकूर कॉपी करून टाका. सगळ्यांच्या फोनवर उघडला पाहिजे ना!