मुठेल गुणी, पण निर्धोक नव्हे



रविवारच्या पुरवणीत कोकम तेलाचे गुणगान वाचले. टाचांच्या भेगा, फुटलेले ओठ, थंडीतली कोरडी कातडी, इथवर लेखाशी भांडण नाही. पण ‘नैसर्गिक असल्याने अपायाचा प्रश्नच नाही’ हे वाक्य आणि पाठोपाठ इसबावरचा इलाज म्हणून केलेली शिफारस काही पचली नाही. बिब्बाही नैसर्गिकच की! त्याच्या तेलाने कातडीवर कसे फोड येतात ते जुन्या माणसांना विचारावे.

आमसुलांसाठी कोकमाचे रातांबे फोडले की उरलेल्या बिया उन्हात वाळवायच्या, टरफल काढून कुटायच्या, पाण्यात उकळायच्या आणि वर तरंगलेले तेल थिजू लागले की मुठीत दाबून गोळे करायचे. हेच कोकम तेल, म्हणजे मुठेल. त्यात निम्म्याहून अधिक वाटा स्टिअरिक आम्लाचा, म्हणून ते भर मे महिन्यातही घट्ट राहते आणि 40 अंशांच्या आसपास वितळते. हे तेल कातडीला ओलावा देत नाही, असलेला उडू देत नाही. म्हणून पाय कोमट पाण्यात भिजवून, टिपून, लगेच लावावे. खडखडीत कोरड्या टाचेवर चोळून फारसा फायदा नाही. खवट वास येणारा जुना गोळा तर वापरूच नये.

लेखात न आलेली गोष्ट जास्त गंभीर आहे. आमच्याकडे मुठेल पळीत तापवून गरम थेंब भेगेत सोडायची रीत आहे. मधुमेहाने पाय बधिर झालेल्याला तो चटका कळत नाही. फोड दुसऱ्या दिवशी दिसतो आणि जखम चिघळते. अशा माणसाने मुठेल तापवून लावूच नये. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल तर सरळ डॉक्टरकडे जावे.

दुकानातल्या ‘कोकम बटर’ क्रीमचे वेगळेच. सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 प्रमाणे 1 टक्क्याहून अधिक असलेले घटक वेष्टनावर उतरत्या क्रमाने छापावे लागतात. ‘गार्सिनिया इंडिका’ हे कोकमाचे शास्त्रीय नाव पार तळाशी सापडले, तर कोकम बहुधा नावापुरतेच. अशा क्रीमने खाज सुटली तर आधी संशय सुगंधी द्रव्यावर घ्यावा.

पुढच्या पुरवणीत मधुमेहींसाठीची सूचना लेखाइतक्याच ठळकपणे छापावी, ही विनंती.

— एक वाचक, कुडाळ