फायबर दारात आले, पण वेग स्वयंपाकघरात का पोहोचत नाही?

फायबरचे कनेक्शन घेतले, की घरातल्या साऱ्यांना वाटते, चला, इंटरनेटची कटकट एकदाची संपली. कंपनीचा माणूस येतो, भिंतीला भोक पाडून बारीक तार आत घेतो, राउटरची पेटी बसवतो आणि त्याच जागी उभा राहून आपल्या मोबाइलवर वेग मोजून दाखवतो. आकडा शंभराच्या घरात जातो. कागदावर सही होते, पैसे दिले जातात. आठवडाभरात तक्रारी सुरू होतात. आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या मुलीचा तास मध्येच थांबतो. परदेशातल्या नातवाशी बोलणाऱ्या आजीला आवाज ऐकू येतो, पण त्याचा चेहरा दिसत नाही. स्वयंपाकघरात तर मोबाइलवर नुसते चक्र फिरत राहते. मग कंपनीला फोन केला जातो आणि तिकडून सल्ला मिळतो, "मोठा प्लॅन घ्या." मोठा प्लॅन येतो, बिल वाढते आणि स्वयंपाकघरातले चक्र पूर्वीसारखेच फिरत राहते.

या दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा घराबाहेर नसते, घरातच असते. ते नीट समजून घ्यायचे तर तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या जुन्या घरांत डोकवावे.

कावेरीकाठचे हे गाव मराठी माणसाला परके नाही. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरला मराठी राज्य स्थापन केले. ते १८५५ पर्यंत टिकले. त्या काळात दक्षिणेत गेलेली मराठी घराणी तंजावर आणि कुंभकोणमच्या परिसरात रुजली. बडोद्याचे दिवाण म्हणून नावाजलेले सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मले. तिथल्या जुन्या घरांची रचनाही आपल्याला ओळखीची वाटेल अशीच आहे.

रस्त्याकडे घराचे तोंड अरुंद, पण आत घर लांबच लांब. पुढे बसायचा ओटा, त्याला तिथे तिण्णै म्हणतात. दारातून आत गेले, की अरुंद बोळवजा जागा, ती रेळी. मग कूडम, म्हणजे आपले माजघर. त्याला लागून उघडा चौक, तो मुट्रम. त्याच्या मागे स्वयंपाकघर आणि शेवटी विहिरीचे परसू, म्हणजे कोल्लै. गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण ज्या घरात गेले, ते सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचे छोटे घर आज संग्रहालय म्हणून जपलेले आहे. तिथेही पुढे ओटा, मग खोली, स्वयंपाकघर आणि मागे विहीर असा एकामागोमाग एक क्रम दिसतो. पुण्याचा वाडा किंवा कोकणातले चिरेबंदी घर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

वेग नेमका कुठे हरवतो?

फायबरच्या तारेतून प्रकाश धावतो. काचेच्या तंतूंतून प्रकाश नेण्याच्या कामाला ज्यांनी दिशा दिली, त्यांत मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी होते. त्यांचा याविषयीचा निबंध १९५४ साली प्रसिद्ध झाला. या तारेला ऊन, पाऊस, भिंत यांचा फारसा त्रास होत नाही. पण ती राउटरपाशी येऊन संपते. तिथून पुढचा प्रवास रेडिओ लहरींनी करायचा असतो. या लहरी अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतात, जाड भिंत त्यांना शोषते आणि धातूचा पत्रा त्यांना परतवून लावतो.

आता कुंभकोणमच्या घरात राउटर कुठे बसतो? तार रस्त्यावरून येते, म्हणून तो पुढच्या खोलीत, दाराच्या वर किंवा टीव्हीच्या मागे बसतो. बसवणाऱ्या माणसाचे काम लवकर उरकते आणि तारही कमी लागते. समजा, घर शंभर फूट लांब आहे. मग राउटरच्या लहरींपैकी बऱ्याच तर रस्त्यावर जातात. उरलेल्यांना वीटचुन्याच्या जाड भिंती एकामागून एक ओलांडाव्या लागतात. त्यात हे गाव पितळी भांड्यांचे आणि दिव्यांचे. फडताळात मांडलेली पितळेची भांडी, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी, मोठा आरसा, सगळेच वाटेत आडवे येतात. स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते ते उरलेसुरले.

घरात मागे कोण असते?

ही गोष्ट नुसती यंत्राची नाही. पुढच्या खोलीत बहुधा घरचे पुरुष आणि पाहुणे बसतात. मागे स्वयंपाकघरात गृहिणी असते, मधल्या अंधाऱ्या खोलीत आजी असते आणि शांतता हवी म्हणून मुलगी अभ्यासाला सर्वांत मागे जाते. राउटर पुढे बसला, की वेगाचा मोठा वाटा पुढच्यांना आपोआप मिळतो. घरबसल्या शिकवण्या घेणारी, खाद्यपदार्थांच्या ऑर्डरी मोबाइलवर घेणारी गृहिणी मात्र प्रत्येक वेळी हातातले काम टाकून ओट्यापर्यंत येते. बिल सगळ्यांच्या खर्चातून जाते, तेव्हा राउटरची जागा ठरवताना घरातल्या सगळ्यांना विचारायला नको का?

आधी मोजावे, मग खर्च करावा

पैसे खर्च करण्यापूर्वी एक वही घ्यावी आणि तीन मापे घ्यावीत.

पहिले माप, लॅपटॉप तारेने थेट राउटरला जोडून. शंभर एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये ९० ते ९५ आले, तर फायबर ठणठणीत आहे. तीनशेचा प्लॅन असूनही आकडा ९५ च्या आसपासच अडकत असेल, तर राउटरचे किंवा लॅपटॉपचे तारेचे छिद्र जुन्या शंभराच्या जातीचे आहे, किंवा लॅन केबलच्या आठ तारांपैकी काही नीट जोडलेल्या नाहीत, असे समजावे.

दुसरे माप, मोबाइलवर, राउटरपासून पाच-सहा फुटांवर. तिसरे माप, प्रत्येक खोलीत दार लावून. हीच मापे सकाळी आणि रात्री नऊच्या सुमारास पुन्हा घ्यावीत. तारेने वेग पूर्ण, राउटरजवळही चांगला, पण स्वयंपाकघरात पाचच, असे दिसले तर दोष घराच्या रचनेचा आहे. अशा वेळी मोठा प्लॅन घेणे म्हणजे नळ गळत असताना टाकी मोठी करण्यासारखे आहे.

तारेनेच वेग कमी येत असेल, तर मात्र कंपनीकडे तक्रार करावी आणि वहीतले आकडे तारीखवेळेसह सांगावेत. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. उत्तराने समाधान झाले नाही, तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनी ही सोय ग्राहकाला दिली आहे.

आकड्यांबाबत आणखी एक घोटाळा नेहमी होतो. प्लॅनमधला आकडा मेगाबिटमध्ये असतो, तर फाइल उतरवताना दिसणारा आकडा बहुधा मेगाबाइटमध्ये असतो. एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणून शंभरच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइटपेक्षा वेगाने उतरणार नाही. तिथे कोणी फसवलेले नसते.

बिनखर्चाचे उपाय

राउटर जमिनीवर, कपाटात किंवा टीव्हीच्या मागे ठेवू नये. तो पाच-सहा फूट उंचीवर, मोकळ्या जागी असावा. पितळी भांडी, फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि माशांची काचपेटी यांपासून दूर असावा. मायक्रोवेव्ह ज्या लहरींवर अन्न तापवतो, त्या २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्याच असतात. म्हणून तो चालू असताना स्वयंपाकघरातला वेग आणखी ढासळतो.

राउटरला बाहेरून अँटेना असतील, तर त्या उभ्या ठेवाव्यात. उभ्या अँटेनाच्या लहरी आडव्या पसरतात आणि एकमजली लांब घराला हेच हवे असते. घर दुमजली असेल, तर एक अँटेना आडवी करून पाहावी.

बहुतेक नवे राउटर दोन पट्ट्यांवर चालतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असतो, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतो. २.४ चा पट्टा संथ, पण भिंतीपलीकडे जास्त टिकतो. दोन्हींना वेगळी नावे देऊन पाहावीत. राउटरजवळच्या टीव्हीला आणि लॅपटॉपला ५ चा पट्टा द्यावा. मागच्या खोलीत दोन्हींचे माप घ्यावे आणि जो बरा ठरेल तो तिथे वापरावा.

सन्निधी रस्त्यासारख्या वस्तीत घराला घर लागून असते. शेजाऱ्यांचे राउटर एकमेकांच्या लहरींत मिसळतात आणि रात्री सगळेच संथ होतात. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे असे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल धरले जातात. आपल्या आसपास कोणत्या चॅनेलवर गर्दी आहे, ते मोबाइलमधल्या मोफत अॅपवर पाहावे आणि या तिन्हींतला मोकळा निवडावा. पासवर्डही बदलून टाकावा. पाहुण्यांना, भाडेकरूंना आणि शेजारच्या मुलांना पूर्वी दिलेला पासवर्ड आजही कुणीतरी वापरत असतो.

मोबाइल जुना असेल, तर राउटरला दोष देऊन उपयोग नाही. एकाच अँटेनाचा, २.४ वरच चालणारा साधा फोन कागदोपत्री ७२ एमबीपीएसपर्यंत जातो, आणि प्रत्यक्षात हाती त्याहून बरेच कमी येते.

थोडा खर्च, मोठा फरक

एवढे करूनही मागची खोली कोरडीच राहिली, तर कंपनीच्या माणसाला बोलावून फायबरची तार पुढच्या खोलीतून आत, कूडमपर्यंत न्यायला सांगावी. राउटर चौकाच्या कडेला, छपराखाली, पावसाचा शिंतोडा येणार नाही अशा जागी लावावा. उघडा चौक इथे मोठा मित्र ठरतो. हवेत लहरींना अडथळा नसतो, त्यामुळे चौकापलीकडचे स्वयंपाकघर आणि अलीकडची खोली दोन्ही राउटरला जवळजवळ समोरासमोर येतात. वाड्यातल्या चौकालाही हेच लागू पडते. फायबर स्वतः ओढू नये आणि तिला काटकोनात वाकवू नये. आतली काच तुटली, तर पेटीवर लाल दिवा लागतो आणि सगळेच बंद पडते.

दुसरा मार्ग म्हणजे पहिल्या राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल टाकून तिथे दुसरा राउटर बसवणे. याला अॅक्सेस पॉइंट म्हणतात. कॅट ५ई किंवा कॅट ६ जातीची केबल शंभर मीटरपर्यंत चालते, तेव्हा कितीही लांब घराला ती पुरते. लांब घरासाठी हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. केबल उघड्या चौकातून न नेता भिंतीच्या कडेने, प्लास्टिकच्या नळीतून न्यावी. कुंभकोणमला ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये परतीच्या मोसमी वाऱ्यांचा जोरदार पाऊस असतो. ओल आणि विजांपासून तांब्याच्या तारेला जपावे लागते.

बाजारात मिळणारा स्वस्त रिपीटर घेताना मात्र विचार करावा. तो एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर पुढे सांगतो, म्हणून वेग सुमारे निम्मा होतो. शिवाय जिथे वायफाय मुळातच पोहोचत नाही, तिथे तो लावून काहीच होत नाही. तो मधल्या खोलीत, लहरी अजून चांगल्या येत असतील अशा जागी लावावा. मेश नावाचे दोन-तीन पेट्यांचे संच अधिक सोयीचे असतात. पण जाड भिंतींच्या घरात त्यांच्या पेट्याही केबलने जोडल्या, तरच पूर्ण गुण देतात.

किती वेग पुरेसा?

चांगल्या चित्राच्या व्हिडिओला ५ एमबीपीएसच्या आसपास वेग पुरतो, अतिस्पष्ट म्हणजे फोर-के चित्राला १५ ते २५, आणि समोरासमोरच्या संभाषणाला दोन-चार. चारपाच माणसांच्या घराला शंभरचा प्लॅन बहुतेक वेळा पुरून उरतो, मात्र तो प्रत्येक खोलीत पोहोचायला हवा.

म्हणून पुढच्या वेळी कनेक्शन बसवायला माणूस आला, की त्याला दारातच थांबवू नये. घराच्या मागच्या टोकापर्यंत घेऊन जावे, स्वयंपाकघर आणि अभ्यासाची खोली दाखवावी आणि राउटरची जागा तिथून ठरवावी. काम झाल्यावर वेगाचे माप राउटरपाशी नको, चुलीपाशी घ्यायला सांगावे. तिथला आकडा पाहिल्यावरच कागदावर सही करावी.