राजहंस दिसला म्हणे!

परवाच्या रविवारी सकाळी साडेसहाला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, "पाणजेला राजहंस आलेत!!" वीकांताची झोप मोडून पनवेलहून उरण गाठलं. पाहतो तर काय, चिखलात रोहित उभे. फ्लेमिंगो हो! सुंदर दिसतात, वादच नाही. पण काठीसारखे लांब गुलाबी पाय, मधेच वाकलेली जाड चोच... याला हंस म्हणायचं? शेजारी एक काका होते, हातभर लेन्स लावून. त्यांना म्हटलं, "काका, हे हंस नव्हेत." ते म्हणाले, "अरे, नाव काही का असेना, फोटो मस्त आलाय ना?"

इथे आमचं डोकं फिरलं.

आमच्या हापिसात एकच व्हेरिएबल तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला तर कोड रिव्ह्यूमध्ये चारचौघांत शोभा होते. 'राजहंस' या शब्दाचं आपण नेमकं तेच करून ठेवलंय. गदिमांच्या गाण्यातलं कुरूप पिल्लू मोठेपणी राजहंस होतं, पण गोष्ट मुळात अँडरसनची, म्हणजे पक्षी युरोपातला स्वान. तोच कॅलेंडरवर, तोच लग्नपत्रिकेवर, तोच सरस्वतीच्या पायाशी. हा प्राणी भारतात जवळजवळ येतच नाही. आलाच तर वायव्येकडे, तोही वाट चुकल्यासारखा. दुसरीकडे हिंदीच्या संगतीने रोहितालाही राजहंस म्हणायची सवय लागली. चितमपल्लींनी एवढा 'पक्षिकोश' करून ठेवला, तो उघडायला वेळ कोणाला आहे!

आणि या गोंधळात ज्याचं ते नाव, तो राहिला बाजूला. पट्टकादंब. याला मी मागच्या जानेवारीत भिगवणला पाहिलं, उजनीच्या पाण्याकाठी. अंग राखाडी, डोकं पांढरं, त्यावर मागच्या बाजूने दोन काळे पट्टे. वरचा या डोळ्यापासून त्या डोळ्यापर्यंत, खालचा आखूड, मानेच्या वर. चोच आणि पाय पिवळे-नारिंगी. एकदा हे पट्टे पाहिले की आयुष्यात पुन्हा चूक होत नाही. त्याचा भाऊबंद कलहंस तपकिरी-राखाडी, थोराड, चोच आणि पाय गुलाबी, डोक्यावर पट्टे नाहीत. उडताना तर प्रश्नच नको. रोहिताचे पाय शेपटीच्या बाहेर लांबच लांब, हंसाचे दिसतसुद्धा नाहीत. आपल्या खाडीकाठी पट्टकादंब क्वचितच. त्याला चरायला गवत आणि शेतं लागतात.

हा गडी उन्हाळ्यात तिबेट, लडाख, मंगोलियात पिल्लं काढतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. ट्रान्समीटर लावलेल्या एका पक्ष्याची ७,२९० मीटर उंची शास्त्रज्ञांनी नोंदवली, ते २०१३ साली प्रसिद्ध झालं. आता 'मेघदूत' आठवा. मानसाकडे निघालेले, क्रौंचरंध्रातून हिमालय पार करणारे राजहंस. हे कोण असतील? फोगेल नावाच्या डच पंडिताने अख्खं पुस्तक लिहून सांगितलं (१९६२ साली प्रसिद्ध झालं) की भारतीय साहित्यातला आणि शिल्पांतला हंस म्हणजे गूज, स्वान नव्हे. (कालिदासाचे हंस पावसाळ्याच्या तोंडावर निघतात, खरे मार्च-एप्रिलमध्येच जातात. तेवढी सूट कवीला.) नीरक्षीरविवेकाचा पक्षी म्हणून ज्याची कीर्ती, तोच आपल्याला निवडता येत नाही, आता बोला!

"एवढं काय त्यात?" हा प्रश्न येणारच. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरजवळ विमानाच्या धडकेने जवळजवळ चाळीस रोहित मेले. आमच्या ग्रुपवर तेव्हाही "राजहंस मेले" म्हणूनच फिरत होतं. आता ऑक्टोबर २०२५ पासून आपल्या दाराशीही विमानतळ आहे. कुठला पक्षी, किती, कधी आणि कुठून कुठे उडतो, हे नेमकं माहीत असल्याशिवाय ना विमान वाचणार ना पक्षी. आणि उद्या पाणजेसारख्या पाणथळीसाठी भांडायची वेळ आली, तर "इथे राजहंस येतात" असं लिहून देणार? समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत विचारेल, कुठला राजहंस? मग पुढची सगळी यादी खोटी ठरायला कितीसा वेळ लागतो? फोटोचे दोनशे लाइक तिथे कामाला येत नाहीत. तारीख, जागा, संख्या आणि बरोबर नाव, एवढंच चालतं.

असो. येत्या शनिवारी पहाटे भिगवणला निघतोय, गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. त्या काकांनाही विचारलंय. लेन्स घरी ठेवा, दुर्बीण माझी घ्या म्हटलं. अजून उत्तर नाही आलेलं.