आवाहन : यंदा खुळखुळा जाळू नका!

पाऊस सरला, गवत वाळू लागलं. आता सोसायटीच्या आवारापासून डोंगरउतारापर्यंत साफसफाईची घाई सुरू होईल. आधी गवत कापायचं यंत्र, मग तणनाशक आणि शेवटी काडी. या घाईत एका छोट्या देशी पतंगाची पुढची पिढीच संपते.

त्याचं शास्त्रीय नाव युटेथेसा. पंख पसरले तर जेमतेम 3-4 सेंटिमीटर. पुढच्या पांढऱ्या पंखांवर लाल आणि काळे ठिपके, मागच्या पंखांना काळी किनार. पतंग असूनही तो भरदिवसा दिसतो. माळावरून चालताना पायाजवळून उडतो आणि थोड्याच अंतरावर पुन्हा गवतात बसतो.

त्याच्या अळीची मुख्य भिस्त खुळखुळ्यावर. काही भागांत याच झुडपाला घागरी म्हणतात. पिवळी फुलं आणि फुगीर शेंगांचं हे झुडूप माळ, सडे, रस्त्याच्या कडा अशा जागी उगवतं. त्यातलं विष अळी अंगात साठवते आणि पतंग झाल्यावरही ते टिकतं, म्हणून पक्षी त्याला टाळतात. त्याच्या अमेरिकेतल्या भाऊबंदाला तर कोळी स्वतः धागे तोडून जाळ्यातून सोडून देतो! पण आगीपुढे हे विष काय कामाचं? शेंगा भरतात तेव्हाच अळ्या त्या पोखरत असतात आणि कोष खाली पाचोळ्यात असतात.

तागाच्या पिकावर हीच अळी पडते. तिथे शेतकऱ्याने बंदोबस्त जरूर करावा. आमची विनंती पडीक जागेपुरती आहे.

• आवारातलं, बांधावरचं सगळं गवत एकदम कापू नका. खुळखुळ्याचा एक पट्टा शेंगा वाळून बी पडेपर्यंत राखा.
• रस्त्याकडेला, मोकळ्या जागेत तणनाशक फवारू नका.
• पाचोळा पेटवू नका. एका कोपऱ्यात कुजू द्या.
• डोंगराला वणवा लागलेला दिसला, तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच कळवा. राखीव जंगलात आग लावणं हा 1927 च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे.

हा पतंग आज दुर्मिळ नाही, म्हणूनच त्याला राखणं अजून स्वस्त आहे. त्यासाठी अभयारण्य नको, निधी नको. या आठवड्यात तुमच्या सोसायटीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या बैठकीत हा विषय मांडा आणि गवताचा एक पट्टा राखून ठेवण्याचा निर्णय करून घ्या.