विश्लेषण : क्रूझने चीनला जाताय? किनाऱ्यावर उतरण्याचे नियम काय आहेत?

कोविडमुळे २०२० मध्ये थांबलेले चीनमधले आंतरराष्ट्रीय क्रूझ पर्यटन पुन्हा सुरू झाले आहे. शांघाय, तियानजिन, शियामेन ही नावे सहलींच्या जाहिरातींत पुन्हा दिसू लागली आहेत. आजी-आजोबा आणि मुलांना घेऊन जाणाऱ्यांना क्रूझ सोयीची वाटते, कारण सामान एकदाच लावायचे आणि जहाजच शहरे दाखवते. पण जहाज बंदरात लागले म्हणजे भारतीय प्रवाशाला शहरात फिरायची मुभा मिळालीच, असे नाही.

नियम काय सांगतो?

चीनने १५ मे २०२४ पासून क्रूझने येणाऱ्या परदेशी पर्यटक गटांना १५ दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली. शांघाय, तियानजिन, दालियान, चिंगदाओ, शियामेन, ग्वांगझू, सान्या अशा १३ बंदरांवर ती लागू आहे. गट दोन जणांचाही चालतो. मात्र गटाची सोय चीनमधल्या पर्यटन कंपनीमार्फत झालेली हवी आणि गटाने त्याच जहाजाने पुढे जायला हवे. फिरण्याची परवानगी किनारी प्रांत आणि बीजिंगपुरतीच आहे. म्हणजे टेराकोटा सैनिकांचे शिआन या माफीत बसत नाही, कारण ते किनाऱ्यापासून दूर शानशी प्रांतात आहे.

मग आपले आपण फिरता येईल का?

अनेक देशांच्या नागरिकांना चीनमधून तिसऱ्या देशात जाताना २४० तासांची व्हिसामाफी मिळते. त्या यादीत भारत नाही. त्यामुळे परदेशी प्रवाशांचे ‘आम्ही स्वतः टॅक्सी करून फिरलो’ असे व्हिडिओ पाहून बेत आखू नका. ज्या भारतीय कुटुंबाला स्वतंत्र फिरायचे आहे, त्याने आधीच व्हिसा काढणे हाच खात्रीचा मार्ग. जहाज शांघायहून सुटून जपानला जाऊन परत शांघायला येणार असेल, तर चीनमध्ये दोनदा प्रवेश होतो. अशा वेळी एका प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही. जपानचा व्हिसा वेगळा आणि हाँगकाँगचे नियमही वेगळे.

एका दिवसात किती पाहून होते?

‘बीजिंग’ असे लिहिले असले तरी जहाज लागते तियानजिनच्या बंदरात. तिथून बीजिंग दीडशे किलोमीटरहून जास्त दूर आहे. जाऊन-येऊन पाच-सहा तास बसमध्येच जातात. चीनची भिंत आणि ‘फॉरबिडन सिटी’ एकाच दिवसात उरकायची म्हटले, तर मुले आणि ज्येष्ठ दमून जातात. फॉरबिडन सिटी सहसा सोमवारी बंद असते आणि तिकीट पासपोर्टच्या तपशिलावर आगाऊ काढावे लागते. त्यामानाने शांघाय सोपे. वुसोंगकोऊ टर्मिनल शहराच्या उत्तर टोकाला आहे, तरी बंड आणि यू गार्डन अर्ध्या दिवसात आरामात होतात.

जहाजाची सहल महाग, तरी का घ्यावी?

जहाज कंपनीच्या सहलीची बस अडकली तर जहाज सहसा थांबते किंवा कंपनी प्रवाशांना पुढच्या बंदरावर पोहोचवते. बाहेरून घेतलेल्या सहलीत ती जबाबदारी तुमची. जादा पैसे मुख्यतः या हमीचे असतात. तियानजिनसारख्या लांबच्या बंदरावर ते देणे शहाणपणाचे आहे. शांघायला, व्हिसा हातात असेल, तर स्वतः फिरून बरीच बचत होते.

बुकिंगआधी काय विचारावे?

आमच्या जहाजाला गट व्हिसामाफी लागू आहे का, ती कोणत्या सहलींवर आहे आणि सहल घेतली नाही तर किनाऱ्यावर उतरता येईल का, हे तीन प्रश्न कंपनीला विचारा. उत्तरे लेखी घ्या. सरकारी नियम काहीही असला, तरी कागदपत्रे अपुरी वाटल्यास कंपनी जहाजावर चढूच देत नाही आणि तेव्हा पैसे परत मिळणे अवघड असते.

निघण्यापूर्वी अलीपेला आपले आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून ठेवा. चीनमधल्या वाय-फायवर व्हॉट्सॲप आणि गूगल मॅप्स चालत नाहीत, त्यामुळे रोमिंग घ्या. बंदराचे नाव चिनी लिपीत लिहिलेला कागद घरातल्या प्रत्येकाच्या खिशात असू द्या.