हौस खडकावरची, धोका रस्त्यावरचा

चारही चाकांना ओढ असलेली जीप खडकांवरून इंचाइंचाने चढविणे हा वेगाचा नव्हे, संयमाचा खेळ आहे. त्यासाठी मोठे टायर, उंच स्प्रिंगा आणि डिफरन्शियल लॉक लागतात, हे आम्हांस मान्य आहे. परंतु तीच गाडी शहरात धावू लागली म्हणजे उंचावलेला गुरुत्वमध्य तिला वळणावर उलथवू शकतो. जड चाके थांबविताना ब्रेक अपुरे पडतात. म्हणूनच मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ रचनेत फेरफार करण्यास मज्जाव करते. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. तथापि बंदी कागदावर आणि गाडी रस्त्यावर, अशी आजची अवस्था आहे!

जर्मनीत असे महत्त्वाचे बदल अधिकृत तज्ज्ञाकडून तपासून घेऊन कागदपत्रांत नोंदवावे लागतात. सरकारने हाच मार्ग धरावा. ब्रेक, उंची व स्टिअरिंग यांच्या कसोटीस जी गाडी उतरेल तिला परवाना द्यावा. जी उतरणार नाही तिने डोंगराच्या पायथ्यापर्यंत ट्रकवर लादूनच जावे. हौसेला मोल नसते म्हणतात. पण ते मोल पादचाऱ्याने का चुकवावे?